स्वतःच्या जंगलावर कायमचं बंधन, तेही आपणहून? (कॉन्झर्वेशन ईझमेंट)

साखरमेपल

कोकणातल्या तोडीच्या धाग्यावर मी सहज लिहिलं होतं की आमच्याकडे जंगलमालक बांधकामाचा हक्क कायमचा विकून टाकतात आणि झाडं मात्र तोडत राहतात. त्यावर "हे काय प्रकरण आहे, नीट सांगा" अशी मागणी आली. तिथं अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

मी न्यू हॅम्पशरच्या उत्तर भागात राहते. आमचं लाकडाचं जंगल आहे, फार मोठं नाही. साखरमेपल, पिवळा बर्च, बीच आणि ओलीच्या अंगाला स्प्रूस-फर. फॉरेस्टर (वनतज्ज्ञ) येऊन झाडांवर रंगाने खुणा करतो, ठेकेदार तेवढीच तोडतो. सरळसोट ओंडके करवतीच्या गिरणीत जातात, वाकडंतिकडं लगद्याला नाहीतर जळणाला. सध्या एका लँड ट्रस्टशी, म्हणजे जमिनी राखायचं काम करणाऱ्या संस्थेशी, आमची बोलणी चालली आहेत, त्यामुळे गेले काही महिने घरात दुसरा विषय नाही.

या बंधनाला इकडे कॉन्झर्वेशन ईझमेंट म्हणतात. कल्पना अशी. जमिनीची मालकी म्हणजे हक्कांची मोळी. राहायचा हक्क, विकायचा, वारसांना द्यायचा, झाडं तोडायचा, प्लॉट पाडायचा, घरं बांधायचा. मालक यातल्या शेवटच्या दोन काड्या काढून ट्रस्टला किंवा राज्य सरकारला देतो, दान म्हणून (मग करात सूट मिळते) किंवा पैसे घेऊन. ट्रस्टलाही त्या वापरता येत नाहीत. त्या कुणीच वापरू नयेत यावर लक्ष ठेवायचं, एवढाच त्याचा अधिकार. दस्त काउंटीच्या नोंदणी कार्यालयात नोंदला जातो आणि जमिनीच्या पाठीला कायमचा चिकटतो. मी उद्या जमीन विकली तरी घेणाऱ्यावर तीच बंधनं.

विल्यम व्हाइट नावाच्या पत्रकार-लेखकाने १९५०च्या दशकाच्या शेवटी ही कल्पना जोरात मांडली. वेगवेगळ्या राज्यांनी कायदे केले, १९८१ साली सगळ्यांसाठी एक नमुना कायदा आला. जंगलांच्या बाबतीत खरी जाग आली ती १९८८ मध्ये. डायमंड इंटरनॅशनल कंपनीची न्यूयॉर्कपासून मेनपर्यंत पसरलेली सुमारे दहा लाख एकर जंगलजमीन विक्रीला निघाली आणि लोकांना कळलं की ज्याला आपण 'आपलं जंगल' समजत होतो ते कागद कंपनीचं आहे, आणि ती ते कुणालाही विकू शकते, प्लॉट पाडणाऱ्यालासुद्धा. त्या धक्क्यातून १९९० च्या शेती कायद्यात फॉरेस्ट लेगसी कार्यक्रम आला. त्यात असे हक्क विकत घ्यायच्या खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंत वाटा केंद्र सरकार उचलतं, बाकीचा राज्याने, ट्रस्टने किंवा मालकाने दानाच्या रूपात घालायचा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण मागच्या धाग्यावर गैरसमज झाला होता. हे अभयारण्य नव्हे. आमच्या मसुद्यात तोड बंद करा असं कुठंही नाही. फॉरेस्टरने केलेला आराखडा हवा आणि तो दर दहा वर्षांनी नवा करायचा, ओढ्याच्या दोन्ही काठांना ठरलेल्या अंतरात हात आखडता घ्यायचा, जंगल साफ करून त्याचं दुसरं काही करायचं नाही आणि तुकडे पाडून विकायचे नाहीत. शिकार, मेपलचा रस काढणं, पाक आटवायची झोपडी, लाकूड ओढायचे रस्ते, हे सगळं चालतं.

प्रश्न विचारा. जमेल तसं लिहीन.

चहाटळ

वाचनखूण साठवली. मेपलचा पाक पाठवा, मग वाचतो.

आडवाट

छान लिहिलंय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

दोन शंका. एक, बंधन पाळलं जातंय हे बघतं कोण? आपल्याकडे नोंदवलेल्या दस्तालाही लोक भीक घालत नाहीत. दोन, अशी मोठ्या जंगलाची उदाहरणं आहेत का, की हा हौशी लोकांचा उद्योग आहे?

साखरमेपल

@आडवाट, पहिल्या शंकेतच खरी गोम आहे.

सही करण्याआधी ट्रस्ट जमिनीचा 'आजचा दाखला' तयार करतो. नकाशे, फोटो, कुठं जुना रस्ता, कुठं पडकी शेड, कुठल्या भागात कुठली झाडं, सगळं. दोन्ही बाजू त्यावर सही करतात. पुढे भांडण झालं तर "हे आधीपासूनच होतं" म्हणायची सोय राहत नाही. मग वर्षातून एकदा ट्रस्टचा माणूस हद्दीने चालून जातो, हल्ली काही जण उपग्रहाच्या चित्रांवरही भागवतात. हा खर्च कायमचा, म्हणून ट्रस्ट सुरुवातीलाच मालकाकडे देखभाल निधी मागतात. आम्हालाही मागितलाय. जमिनीचे हक्क द्यायचे आणि वर पैसेही द्यायचे म्हणून नवरा पहिल्यांदा हसलाच होता. कोर्टकचेरीसाठी २०१३ पासून लँड ट्रस्टांनी मिळून काढलेली टेराफर्मा नावाची विमा कंपनीही आहे. म्हणजे दावे होणार हे गृहीतच धरलंय. मला ते आवडलं. माणसं चांगली वागतील या भरवशावर कायमस्वरूपी कागद करू नये.

मोठं उदाहरण मेनचं. पिंग्री कुटुंबाने एकोणिसाव्या शतकात घेतलेली जंगलं अजून वारसांकडे एकत्र आहेत. २००१ मध्ये त्यांनी न्यू इंग्लंड फॉरेस्ट्री फाउंडेशनला ७,६२,१९२ एकरांवरचा बांधकामाचा हक्क विकला, सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरना. एकरी साधारण ३७ डॉलर पडले. एवढ्या स्वस्तात कसं? तर तिथं आडरानात घरं बांधायला फार कुणी रांगेत उभं नव्हतं, त्यामुळे त्या हक्काची किंमतच कमी. टीकाही झाली. तोडीवर फारशी बंधनं नाहीत, लोकांना हिंडायची हमी नाही, मग मिळवलं काय? माझ्या मते मिळवलं हे की ते जंगल आज एकसंध आहे. पण टीका अगदीच पोकळ नव्हती.

खडूस आजोबा

सगळं वाचलं. थोडक्यात: जे बांधकाम तुम्ही करणारच नव्हता ते न करण्याबद्दल करात सूट घ्यायची. मीही माझ्या सदनिकेवर विमानतळ न बांधण्याचं वचन द्यायला तयार आहे. कुठं सही करू?

हिशेबनीस

आजोबा, तुम्ही हसताय, पण तुमच्या विमानतळाच्या योजनेवर लोकांनी खरोखर पैसे कमावले. मी जॉर्जियात कर-सल्लागाराचं काम करतो, म्हणून आधी आकडेमोड सांगतो आणि मग घोटाळा.

मूल्यांकन करणारा दोन किमती काढतो, बंधनाआधीची आणि नंतरची. उदाहरणादाखल, आधी ४ लाख डॉलर, नंतर २ लाख ६० हजार. फरक १ लाख ४० हजार. हक्क दान केला असेल तर हा फरक दान धरला जातो. दरसाल उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत वजावट मिळते, उरलेली पुढची १५ वर्षं ओढता येते. ज्यांचं निम्म्याहून जास्त उत्पन्न शेती किंवा जंगलातून येतं त्यांना १०० टक्क्यांपर्यंत. समजा उत्पन्न ९० हजार, तर तीन वर्षं ४५-४५ हजार आणि चौथ्या वर्षी राहिलेले ५ हजार.

पण ही वजावट करपात्र उत्पन्नातून आहे, करातून नाही. आणि ती मिळायला बंधन कायमचं असावं लागतं, वीस-तीस वर्षांचा करार चालत नाही. ज्याच्याकडे जमीन भरपूर आणि रोकड उत्पन्न जेमतेम, त्या म्हाताऱ्या जंगलमालकाला यातून फारसं काही मिळत नाही. फायदा होतो तो डॉक्टर-वकिलांना, ज्यांनी हौसेने जंगल घेतलंय. म्हणून साखरमेपलताईंनी सांगितलेले खरेदीचे कार्यक्रम महत्त्वाचे.

आता घोटाळा. दलाल पडीक जमीन स्वस्तात घेत, गुंतवणूकदार गोळा करत, मग हाताशी धरलेला मूल्यांकक सांगत असे की इथं आलिशान वसाहत झाली असती, म्हणून हक्काची किंमत खरेदीच्या कितीतरी पट. सगळ्यांनी ईझमेंट दान करायचं आणि घातलेल्या पैशाच्या चौपट वगैरे वजावट घ्यायची. कर खात्याने २०१६ च्या शेवटी अशा योजनांवर बोट ठेवलं. संसदेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदाच बदलला: भागीदारीतून दान असेल आणि वजावट मूळ गुंतवणुकीच्या अडीच पटीहून जास्त असेल तर, काही मोजके अपवाद सोडून, ती मिळणारच नाही. जानेवारी २०२४ मध्ये आमच्याच राज्यातल्या एका सूत्रधाराला २५ वर्षांची शिक्षा झाली.

तेव्हा विमानतळाची सही करायला जरा उशीर झालाय.

खडूस आजोबा

@हिशेबनीस, धन्यवाद. बेत रद्द.

पण गंभीर प्रश्न उरतोच. 'कायमचं' या शब्दाची मला भीती वाटते. आज्याने सही करायची आणि पणतूने भोगायचं. शंभर वर्षांनी त्या जागी काय हवं असेल हे तुम्हाला आज कसं कळणार? तुमची सूट पंधरा वर्षांत संपली, बंधन मात्र अनंतकाळ.

साखरमेपल

आजोबा, आमच्या घरात नेमका यावरच वाद चाललाय.

मुलगा म्हणतो, मला पुढेमागे इथं घर बांधावंसं वाटलं तर? त्यासाठी मसुद्यात एक 'राखीव घरठिकाण' ठेवता येतं: नकाशावर आखलेला तुकडा, तिथं एक घर, बाकी काही नाही. पण असा तुकडा ठेवला की दिलेल्या हक्काची किंमत उतरते. किती ठेवायचं आणि किती सोडायचं ही सरळ घासाघीस आहे. दस्तात दुरुस्ती करता येते, पण संरक्षण सैल होत असेल तर ट्रस्ट सहसा ऐकत नाही. बंधन पूर्ण उठवायचं तर कोर्टात जावं लागतं, आणि उठलंच तर विक्रीच्या पैशात ट्रस्टचा वाटा असतो.

पण दुसरी बाजूही पाहा. प्लॉट पाडणंही कायमचंच असतं की. एकदा पन्नास घरं झाली की पणतूला तिथं जंगल करता येईल का? त्याच्या वतीने निर्णय दोन्हीकडून आपणच घेतोय. मला यातला एक निर्णय जास्त पटतो, एवढंच.

आणखी एक, कारण बरेच जण इथं फसतात. घरपट्टीसारखा जमिनीचा कर यामुळे खूप कमी होईल असं लोकांना वाटतं. आमच्या राज्यात १९७३ पासून 'करंट यूज' कायदा आहे. दहा एकरांवरच्या मोकळ्या जंगलाला बाजारभावाने नाही, जंगल म्हणूनच कर लागतो. पुढे बांधकाम केलंत तर बाजारभावाच्या १० टक्के दंडवजा कर. आम्ही त्यात आधीपासून आहोत, त्यामुळे ईझमेंटने वार्षिक करात जवळजवळ काहीच फरक पडणार नाही.

आडवाट

कार्बन क्रेडिटचं काय? तोडच केली नाही तर त्याचेही पैसे मिळतात म्हणे. मग एकाच जंगलावर दोन्ही?

साखरमेपल

त्यावरूनच आमच्या राज्यात रण माजलं. अगदी उत्तरेला, कॅनडाच्या सीमेलगत, कनेक्टिकट नदी जिथं उगम पावते तिथलं जंगल इंटरनॅशनल पेपर कंपनीचं होतं, सुमारे १,७१,००० एकर. कंपनीने विकायला काढलं तेव्हा राज्य, केंद्र आणि देणगीदार एकत्र आले. २००३ मध्ये साधारण १,४६,००० एकरांवर राज्याने ईझमेंट घेतलं, लाकूड चालू ठेवायचं या हेतूने, आणि सुमारे २५,००० एकर निसर्गक्षेत्र म्हणून राखून ठेवले. २०२२ मध्ये मालक बदलला. नव्या मालकाचा धंदा कार्बन क्रेडिटचा, म्हणजे झाडं उभी ठेवण्यात त्याचा फायदा.

आता तिथली पिट्सबर्गसारखी गावं अडचणीत. आमच्याकडे तोडलेल्या लाकडाच्या किमतीवर १० टक्के कर गावाला मिळतो. तोड घटली की गावाची तिजोरी रिकामी, ठेकेदार रिकामे, ट्रकवाले रिकामे. लोक म्हणू लागले, आम्ही सरकारी पैसा घातला तो जंगल 'चालतं' राहावं म्हणून. पण बहुतेक दस्तांत 'इतकंच तोडू शकता' असतं, 'इतकं तरी तोडलंच पाहिजे' असं क्वचित. वीस वर्षांपूर्वी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की मालकाला न तोडण्याचे पैसे मिळतील.

आजोबांचा 'कायमचं'वरचा आक्षेप मला इथं सगळ्यात जास्त पटतो.

सड्यावरचा

खूप दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. आता आमची बाजू ऐका.

आमच्याकडे जंगल म्हणजे बहुतेक खाजगीच. ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा, खैर, मध्येमध्ये कुंभा, आणि पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला दाट रान. सातबारा सामाईक. नावं मोजायला बसलात तर आजोबांच्या चुलत्यांपासून मुंबईच्या नातवंडांपर्यंत. निम्मे वारले, वारसनोंदी झालेल्या नाहीत. कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणाचं आजारपण, नाहीतर घराचं छप्पर. मग ठेकेदार येतो, उक्तं बोलतो, रक्कम टेबलावर ठेवतो. परवान्याचं, सह्यांचं, वाहतूक पासाचं तोच बघतो. पंधरवड्यात डोंगर भुंडा. खैर कातभट्टीला, बाकीचं जळाऊ म्हणून घाट चढून जातं. वाटणीला आलेल्या पैशात कुणाचा एक हप्ताही फिटत नाही, ही वेगळी गोष्ट.

तुम्ही म्हणता, हक्क विका. ताई, आमच्याकडे लोकांना झाडं ठेवायचीच भीती वाटते. मोठं रान राखलं की उद्या 'वनसंज्ञा' लागेल, सातबाऱ्यावर शेरा येईल, मग ना तोडता येणार ना विकता येणार, वर मोबदला शून्य. सिंधुदुर्गात लोकांचं आयुष्य गेलं त्या शेऱ्यापायी. म्हणून शहाणा माणूस काय करतो? शेरा यायच्या आत तोडतो आणि काजू लावतो.

पुण्याची एईआरएफ संस्था आमच्या भागात बरीच वर्षं काम करते. मालकांशी ठरावीक मुदतीचे करार करून जंगल राखायला पैसे देते, हिरडा-बेहड्याला फेअरवाइल्ड प्रमाणपत्र (रानाला धक्का न लावता माल गोळा केल्याचं) मिळवून जादा भावाचा रस्ताही काढलाय. गरुडधनेशाची घरटी जुन्या बेहड्यात असतात, त्यामुळे बेहड्याचं झाड उभं राहणं दोघांच्याही फायद्याचं. चांगलंच काम आहे. पण करार संपला, म्हातारा गेला आणि मुलाने ठेकेदाराला हाक मारली, तर?

कुळागर

गोव्यातून तेच गाऱ्हाणं, फक्त आकड्यांत.

१९९६ च्या गोदावर्मन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालक कोणीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जंगल असेल तर ते जंगल. मग आमच्याकडे खाजगी जंगल ओळखायला सावंत आणि करापूरकर समित्या बसल्या आणि निकष ठरले: ७५ टक्के झाडं जंगली जातीची, झाडांच्या छत्राची घनता निदान ०.४ (म्हणजे ४० टक्के जमीन फांद्यांखाली), आणि तुकडा सरकारी जंगलाला लागून असेल तर ठीक, नाहीतर निदान ५ हेक्टर. हे निकष ढिले करून घनता ०.१ वर आणावी म्हणून गोवा फाउंडेशन न्यायालयात गेलं. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ०.४ चाच निकष कायम ठेवला.

आता ज्याची घनता ०.३८ आहे तो मालक पुढची दहा वर्षं काय करील, सांगा. झाडं वाढू देईल?

चहाटळ

मोजपट्टी आणि कोयता घेऊन हिंडेल.

बिनफीचा वकील

सड्यावरचा आणि कुळागर यांनी जे लिहिलंय त्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. अमेरिकेत सरकार आधी मान्य करतं की हा हक्क तुझा आहे, आणि मग तो विकत घेतं. आपल्याकडे १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने महाराष्ट्रात ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वनं सरकारजमाच केली. भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ खालच्या जुन्या नोटिसांच्या आधारे पुढे कित्येक वर्षांनी लोकांच्या जमिनी, इमारतीसुद्धा, 'वन' ठरू लागल्या. शेवटी जानेवारी २०१४ मध्ये गोदरेज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोटीस नुसती निघाली एवढ्यावर भागत नाही, ती मालकावर बजावलेली हवी आणि प्रक्रिया जिवंत हवी. दोडामार्गात तर उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तोडीवर बंदीच घातली. बंदीमागचं कारण योग्य होतं, पण ज्याने रान राखलं होतं त्याला छदामही मिळाला नाही. ज्या हक्काची मालकाला खात्रीच नाही तो विकत कोण घेणार आणि कशाला?

आता ईझमेंट इथं करता येईल का? आपला सुविधाधिकार अधिनियम १८८२ चा. त्यात कलम ४ प्रमाणे हा हक्क एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. पाण्याची पाट, वाट, उजेड. ज्याची जवळपास जमीनच नाही अशा पुण्या-मुंबईच्या संस्थेला तो घेता येत नाही. साधा करार केला तर तो सही करणाऱ्यापुरता. घेणारा म्हणेल, मी कुठं सही केली होती?

भाडेपट्टा करावा तर मालक घाबरतो, कूळ लागेल म्हणून. संस्थेने जमीनच घ्यावी तर शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला कूळकायद्याचं कलम ६३ आडवं. दमडीची करसवलत नाही. उलट आपोआप उगवलेल्या झाडांचं उत्पन्न शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, हे १९५७ पासून ठरलेलं आहे.

सरकारी वाटेने एकच सोय जवळपास येते. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३६-सी, सामुदायिक राखीव क्षेत्र. एखाद्या व्यक्तीने आपणहून तयारी दाखवली तर तिची खाजगी जमीनही तशी जाहीर करता येते, आणि मग समितीचा ठराव आणि सरकारची मान्यता असल्याशिवाय वापर बदलता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर खाजगी जमीन असेल तर समितीत मालक, वनखातं आणि पंचायत यांचे प्रतिनिधी असतात. पण पैसा कुठून येणार याबद्दल कायदा गप्प.

आडवाट

म्हणजे वाट बंदच?

बिनफीचा वकील

नाही, एक पायवाट आहे. ती दाखवायलाच एवढं लिहिलं.

कलम ४ नीट वाचा. दुसऱ्याच्या जमिनीत काही करायचा हक्क तसाच काही 'करू न देण्याचा' हक्कही सुविधाधिकारात बसतो. अट एकच, त्याचा फायदा हक्कदाराच्या जमिनीला व्हायला हवा. आता कोकणातला डोंगर डोळ्यासमोर आणा. वर रान, मध्ये झरा किंवा पऱ्या, खाली कुणाची तरी सुपारी-नारळाची बाग. रान गेलं की पाणी जानेवारीतच आटतं, हे बागवाल्याला पक्कं ठाऊक असतं. मग वरच्या मालकाने खालच्या बागवाल्याला नोंदणीकृत दस्ताने हक्क द्यावा: अमुक गटाच्या अमुक भागात सरसकट तोड करायची नाही, निवडक तोड चालेल. बागवाल्याने त्याचे पैसे द्यावेत. संस्थेला मदत करायची असेल तर तिने बागवाल्याच्या मागे पैसे उभे करावेत. हक्क मात्र शेजाऱ्याच्या जमिनीच्या नावे.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४० ही जोडीला आहे. शेजारच्या जमिनीच्या फायद्यासाठी घातलेलं 'असं करणार नाही' या प्रकारचं बंधन, माहीत असताना जमीन घेणाऱ्यावरही लागू करता येतं. म्हणून दस्त नोंदलेलाच हवा. कुणाला कळलंच नव्हतं ही पळवाट तिथं बंद होते.

साखरमेपल

वकीलसाहेब, गंमत म्हणजे इकडेही स्वतंत्र कायदे होण्याआधी लोक हेच करत. संस्था शेजारी छोटासा तुकडा घेऊन ठेवायची आणि त्या तुकड्याच्या फायद्यासाठी म्हणून बंधन लिहून घ्यायची.

खडूस आजोबा

आणि मुंबईचे सत्तावीस वारस? सह्या कोण गोळा करणार, बागवाला? ठेकेदाराला सह्या जमतात कारण तो गठ्ठा घेऊन येतो. पऱ्याच्या पाण्यासाठी कोण गठ्ठा काढणार?

सड्यावरचा

आजोबांचं बरोबर आहे. आमच्यात पाच-सहा घरं गावात, बाकी सगळे मुंबई-पुण्यात. पण ठेकेदार देतो ते एकदाच, आणि पुढची तोड यायला पंधरा-वीस वर्षं जातात. बागवाल्याने दरवर्षी थोडं थोडं दिलं तर गणपतीला गावी आल्यावर हिशेब वाटता येईल. निदान बोलता तरी येईल. आमच्या रानाखाली दोन बागा आहेत, दोन्ही एकाच वाडीच्या. त्यातला एक जण मागच्या उन्हाळ्यात टँकर आणत होता, त्याला पटेल असं वाटतं.

वकीलसाहेब, वाटणी झालेली नसताना आम्ही काही जणांनी सही केली तर चालेल का? आणि सातबाऱ्यावर हे दिसेल का?

बिनफीचा वकील

काही जणांच्या सहीने बाकीच्यांवर बंधन येत नाही. आधी वारसनोंदी पूर्ण करा, म्हणजे कुणाकुणाची सही लागते ते तरी कळेल. परगावच्यांनी नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र दिलं की एकाच वेळी काम उरकतं. सगळे तयार नसतील तर तयार असलेल्यांनी आधी वाटप करून घ्यावं आणि आपल्या हिश्शावरच दस्त करावा. मात्र पऱ्याच्या उगमाजवळचा तुकडा कुणाच्या वाट्याला जातो त्याकडे लक्ष ठेवा, नाहीतर सगळा खटाटोप फुकट.

दस्तात घालायच्या गोष्टी: दोन्ही जमिनींचे गट क्रमांक आणि क्षेत्र, मोजणीचा नकाशा जोडलेला, झरा आणि पऱ्या नकाशावर दाखवलेले. तोडीचं वर्णन मोघम नको. कुठली झाडं, किती घेराच्या वर, किती वर्षांच्या अंतराने, ते लिहा. साखरमेपलताईंनी सांगितलेला 'आजचा दाखला' करा, मोबाइलवर फोटो काढून तारखेसह जोडला तरी पुरे. रक्कम दरसाल द्यायची असेल तर ती थकली तर काय, तेही लिहा, नाहीतर भांडण तिथूनच सुरू होईल. नोंदणी झाल्यावर दोन्ही सातबाऱ्यांवर इतर हक्कात फेरफार घालायचा अर्ज द्या. सातबारा हा महसुली कागद आहे, हक्क त्यातून जन्माला येत नाही. पण पुढचा खरेदीदार आणि ठेकेदार तोच उघडून बघतात.

सह्यांच्या आधी मसुदा व्यक्तिगत निरोपाने पाठवा, बघून देतो.

हिशेबनीस

@सड्यावरचा, बागवाल्याकडून येणारी रक्कम कुणाच्या खात्यात आणि कशी घ्यायची हे आधी तिथल्या सीएला विचारा. हक्क दिल्याबद्दलचे पैसे शेती-उत्पन्न धरले जातील असं गृहीत धरू नका.

सड्यावरचा

विचारतो. गणपतीत सगळे येतीलच, तेव्हा विषय काढतो. तोवर वारसनोंदीचे अर्ज तरी घालून ठेवतो. बागवाल्याशी बोलणं झालं की इथंच लिहीन.